पोपटशेठच्या दुकानातले चार टॉर्च

"मॅडम, हे तुमचे सेल घेऊन जा. मी आता चायनाचाच माल ठेवणार."

ओतूरच्या पोपटशेठनी खोकं माझ्यापुढे सरकवलं. आत आमच्या कंपनीचे सेल, गिऱ्हाइकांनी परत आणलेले, गळून चिकट झालेले. मी तेव्हा सेलच्या फॅक्टरीत क्वालिटी बघायची. ही बॅच पास केल्याची सही माझी होती. निघताना साहेबांनी सुनावलं होतं, "गळती खरी निघाली तर सगळी बॅच परत येईल. रिपोर्टवर चूक तुझी लिहावी लागेल."

शेजारी मढ गावचे बबनराव रेडिओ घेऊन उभेच होते. "ताई, तुमच्या सेलनं माझा रेडिओ खाल्ला बगा!"

मी झाकण उघडलं. आत दोन सेल. एक चायनाचा, कोरडा. गळका आमचाच. पोपटशेठ माझ्याकडे बघत राहिले.

"दोन कंपन्यांचे कसे?" मी विचारलं.

"एकच संपला व्हता. दुसऱ्यात जीव व्हता की! चांगला सेल कुणी फेकतं व्हय?"

माझी ट्यूब तिथंच पेटली. दुकानात काचेची बरणी होती. तिच्यात जपानी, चायना, आमचे, सगळे सुटे सेल एकत्र. मागेल त्याला एक काढून द्यायचा. मी नव्या सेलांना मीटर लावला. सगळे दीड व्होल्ट.

"बघा, चायनाचाबी तेवढाच!" पोपटशेठ खूश.

"शेठ, नुसत्या मीटरवर काय कळतंय? त्याला कामाला लावा, मग बघा." कामाला लावणं म्हणजेच आमच्या भाषेत लोड देणं.

मी चार टॉर्च मांडले. एकात जपानी जोडी, एकात चायनाची, एकात आमची, त्याच बॅचची. चौथ्यात बबनरावांसारखी: आमचा अर्धा वापरलेला आणि चायनाचा नवा. रोज तासभर शेठनी लावायचे आणि उजेड लिहून ठेवायचा, आठ दिवस. पोपटशेठनी कबूल केलं. आमची नवी जोडी गळली असती तर मी संपलेच होते.

आठव्या दिवशी दुकानात ही गर्दी! बबनराव मढहून मुद्दाम आलेले. मी एकेक टॉर्च उघडला. जपानीचा उजेड सगळ्यात चांगला, हे मीच मोठ्यांदा सांगितलं. चायनाचा चौथ्या दिवशीच मंदावला होता, पण कोरडा होता. आमची जोडी अजून झकास पेटत होती. आणि खडखडीत कोरडी! चौथ्यातला आमचा जुना सेल मात्र ओला झाला होता.

"जुना आधी संपतो," मी म्हणाले. "नवा थांबत नाही, जुन्यातून करंट रेटतच राहतो. मग जुना फुगतो आणि गळतो. कुठल्याही देशाचा असू द्या."

बबनराव मान हलवत म्हणाले, "म्हंजी खोंडासंगं म्हातारा बैल जुपल्यावानी झालं की! खोंड पळतोय आन म्हातारा फरफटतोय."

कॉलेजात चार वर्षं शिकले, पण इतकं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या रेडिओत सेल टेकतात त्या पत्र्याच्या पट्ट्या मी तिथंच पॉलिश पेपरनं घासल्या. आमच्या सेलांची नवी जोडी घातली. रेडिओ बोलला तशी बबनरावांची कळी खुलली.

"मॅडम गाव कुठलं?" पोपटशेठनी चहा पुढे करत विचारलं.

"शेजारच्याच आंबेगाव तालुक्यातलं लोणी."

"मग आपल्याच की राव! आधी सांगायचं ना!"

त्यांनी बरणी आत ठेवली आणि पाटी लावली: सेल जोडीनंच मिळतील.

फॅक्टरीत साहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला. हसून पेन काढलं. "हा वर पाठवायचा आहे. सही मी करतो."

"नको सर," मी म्हणाले. "गळली असती तर बॅच माझी होती. आताही माझीच आहे."

सही मीच केली, चांगली ठळक. तशीच मिरवत सुट्टीला लोणीला गेले. टीव्हीचा रिमोट सहज उघडला, तर आत एक सेल नवा, एक जुना.

"दुसऱ्यात जीव होता गं," आई म्हणाली.