तिसरी शिट्टी

नव्वदच्या सुमारास आमच्या लंडनमधल्या पिनरच्या घरात एक रशियन-अमेरिकन गायिका भाड्याने राहायची. सकाळी ऑपेरा, दुपारी रशियन लोकगीतं, संध्याकाळी स्वतः रचलेली गाणी. माझ्या ए-लेव्हल्सच्या, म्हणजे तिकडच्या बारावीच्या, अभ्यासाची पार वाट! आईच्या कुकरच्या शिट्ट्या तिला इतक्या आवडल्या, की तिने त्या चक्क एका गाण्यात घातल्या.

केंब्रिजच्या कॉन्सर्टला तिने आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. गाणं ऐन रंगात आलं आणि तिने गळ्यातून हुबेहूब शिट्टी काढली. मग दुसरी. तिसरीला आई सवयीने ताडकन उठली, गॅस बंद करायला. तिला बघून मागची गोरी मंडळीही टाळ्या वाजवत उठली. अख्खा हॉल उभा! गायिकेच्या डोळ्यांत पाणी.

आई माझ्या कानात कुजबुजली, "आता बसू कशी गं?"