लाल पेट्रोल आणि दौलतवरचा आळ

शेलूबाजारच्या अलीकडच्या चढावर गाडी पुन्हा ठोकायला लागली, तेव्हा बापूसाहेबांनी हातातली काठी पुढच्या सीटच्या पाठीवर आपटली.

"थांबव बे दौलत! काय वाजून राह्यलं हे?"

"इंजन ठोकून राह्यलं, मालक."

"ते मलेही ऐकू येते. काहून ठोकते, ते सांग."

 दौलतनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. पंधरा दिवसांपूर्वी हे इंजिन मीच उघडलं होतं. उत्तर मी द्यायला हवं होतं.

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षं आधीची. मी कारंज्याच्या एका वर्कशॉपमध्ये मिस्त्री होतो. वय तेवीस, आणि मोटारीतलं सगळं कळतं असा समज. बापूसाहेब शेलूबाजारकडचे मोठे जमीनदार. त्यांच्याकडे कापडी टपाची जुनी अमेरिकन गाडी होती. कामरगावचा दौलत ती नऊ वर्षं चालवत होता.

ठोकणं म्हणजे काय, ते आधी सांगतो. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते. मग ठिणगी पडते आणि ती पेटते. हे नेमक्या क्षणी, सावकाशीनं व्हावं लागतं. वेळेआधी किंवा एकदम भडका उडाला, तर वर येणाऱ्या पिस्टनवर घाव बसतो. बाहेर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. आत काजळी साठली असेल तर ठोकतं. पेट्रोलमध्ये घासलेट मिसळलं असेल तरी ठोकतं. आणि ठिणगीची वेळ चुकली असेल तरी ठोकतं.

काजळी मी नुकतीच खरवडून काढली होती. ठिणगीची वेळ मी स्वतः बसवली होती, म्हणून ती बरोबर असणारच. माझ्या हिशेबानं उरलं फक्त पेट्रोल.

बापूसाहेब पाय मोकळे करायला उतरले, तेव्हा दौलत हळूच म्हणाला, "मिस्त्री, एक गोष्ट सांगू का? तुमी गाडी देल्यापासून हँडल उलटं मारते. परवा मनगट थोडक्यात वाचलं."

त्या काळी गाडी समोरून लोखंडी हँडल फिरवून चालू करत.

"नऊ वर्षं झाले हँडल मारून राह्यले," मी म्हणालो, "अजून धरता येत नाही काय, दौलतभाऊ?"

"नऊ वर्षांत तिनं कधी मारलं नाही, म्हणून तर सांगून राह्यलो. ठिणगीची लिव्हर पूर्ण मागं घेतो, तरी मारते."

स्टीअरिंगखाली तशी एक लिव्हर असे. तिनं ठिणगी थोडी पुढं-मागं करता येई. मी त्याचं बोलणं हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये मी, दौलत पंपावरून डब्यात आणायचा त्या पेट्रोलचा थेंब कोऱ्या कागदावर टाकला. घासलेट असेल तर तेलकट डाग मागं राहतो. थेंब उडून गेला. कागद कोरा राहिला. मी गोंधळलो. पेट्रोल चांगलं, काजळी नाही, वेळ बरोबर, तरी गाडी ठोकते. मी कागद चुरगाळून फेकला आणि स्वतःला सांगितलं, आजचा डबा चांगला असेल. कालचा नसेल.

त्याच सुमारास कारंज्याच्या पंपावर अकोल्याहून सीलबंद डबे आले. आत लाल रंगाचं पेट्रोल. साध्याहून महाग. पंपवाला सांगे, हे घातलं की इंजिन ठोकायचं थांबतं. ते खोटं नव्हतं. त्यात असं एक औषध असतं की वाफ एकदम भडकत नाही. ज्या नव्या इंजिनांत वाफ फार दाबली जाते, त्यांच्यासाठी ते बनवलेलं. बापूसाहेबांच्या गाडीसारख्या जुन्या, वाफ कमी दाबणाऱ्या इंजिनाला त्याची काही गरज नव्हती. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मीच बापूसाहेबांना म्हणालो, "घालून पाहू."

सील माझ्यासमोर फोडलं. पेट्रोल मीच ओतलं. दौलतनं हँडल मारलं आणि हात झटकला. ते मी पाहिलं. त्याच चढावर गाडी नेली. आवाज जवळजवळ गेला होता.

बापूसाहेब आधी खूश झाले.  वर पोचल्यावर त्यांनी विचारलं, "मिस्त्री, साध्यावर ठोकते अन् लालवर ठोकत नाही. दोघात फरक काय?"

"लाल सीलबंद डब्यात येतं, बापूसाहेब."

"अन् साधं?"

"साधं दौलतभाऊ पंपावरून आणतात. उघड्या डब्यात."

दोन्ही वाक्यं खरी होती. मी यापुढे एक शब्दही बोललो नाही. पुढचं बापूसाहेबांनी स्वतःच जुळवलं.

"घासलेट टाकत होता काय रे? अन् पेट्रोल कुठं इकत होता?"

दौलतला आधी कळलंच नाही. मग तो गाडीतून उतरला. "मालक, लेकराची आन. एक थेंब नाही टाकला."

"मंग ठोकत काहून होतं?"

"मले काय मालूम? मी डायवर हाय. मिस्त्री हे हायेत, यायले इचारा."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. कागदाची गोष्ट मला आठवत होती. ती सांगितली असती तर दौलत सुटला असता. पण पेट्रोल चांगलं ठरलं असतं, तर मग चूक कोणाची? हे इतकं स्पष्ट तेव्हा माझ्या मनात होतं की नाही, ते आज मला खात्रीनं सांगता येत नाही. पुष्कळदा विचार केला. कधी वाटतं, मी खरंच गोंधळलो होतो. कधी वाटतं, गोंधळून राहणं मला सोयीचं होतं. एवढं मात्र खरं की मी म्हणालो, "आता काय सांगावं!"

दौलतनं डोक्यावरची खाकी टोपी काढून सीटवर ठेवली. "नऊ वर्षं झाले, मालक. डब्याचा एकदा वास तरी घेऊन पाह्यचा होता," एवढं म्हणून तो चढ उतरून पायी निघाला.

महिन्याभरानं गाडी ब्रेकसाठी वर्कशॉपमध्ये आली. टाकीत लाल पेट्रोलच होतं. नवा ड्रायव्हर चहाला गेला, म्हणून मी स्वतः हँडल मारलं. ते उलटं फिरून माझ्या हातावर इतक्या जोरात आदळलं की मी खालीच बसलो. हात सुजत होता आणि मी जमिनीवर बसून विचार करत होतो. महाग पेट्रोल ठोकणं दाबू शकतं. हँडल उलटं फिरतं ते ठिणगी फार लवकर पडल्यामुळे. त्याच्यावर कुठल्याच पेट्रोलचा उपाय नाही.

मी मॅग्नेटो उघडला. मॅग्नेटो म्हणजे ठिणगी तयार करणारं यंत्र. ते इंजिनावरच्या दातेरी चाकाला जोडलेलं असतं. ते चाक एक दात पुढं बसलं होतं.

हे कसं झालं, तेही लगेच आठवलं. आमच्या वर्कशॉपमध्ये चाकं सुटी करण्यापूर्वी जुळणाऱ्या दातांवर खूण करत. ती छिन्नीनं करायची असते. आम्ही सगळे पान खाणारे. चुन्याची डबी खिशातच असे, म्हणून बोटानं चुन्याचा ठिपका लावत असू. चाकं घासलेटमध्ये धुताना माझा ठिपका दोन दातांवर पसरला होता. मी त्यातला एक दात धरला. चुकीचा.

चाक जागेवर बसवलं. टाकी रिकामी करून पंपावरचं साधं पेट्रोल भरलं. तोच चढ गाडी मुकाट्यानं चढली.

तसाच बापूसाहेबांकडे गेलो. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. सुरुवात केली, "बापूसाहेब, लाल पेट्रोलची गरज नाही. गाडी आता साध्यावर बिलकुल ठोकत नाही."

ते मोठ्यानं हसले. "कायले ठोकन? चोर गेला न आता!"

घरातून चहा आला. मी तो प्यायलो आणि परत आलो.

दौलतला त्या भागात कोणीच गाडी दिली नाही. त्यानं कारंज्याला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली धरली. लढाईच्या दिवसांत एकदा कामरगावला त्याच्या घरी गेलो आणि दाताची, चुन्याची, सगळी हकीकत सांगितली. तो बाजेवर बसून शांतपणे ऐकत होता.

"मले मालूम होतं, मिस्त्री," तो म्हणाला.

"मंग तेव्हा बोलले काहून नाही?"

"बोललो ना, हँडल उलटं मारते म्हणून. तुमी हासले." थोडं थांबून म्हणाला, "मले कायले सांगून राह्यले? मले तं मालूमच हाय. ज्यायले मालूम नाही, त्यायले जाऊन सांगा."

बापूसाहेब त्यानंतर दोन वर्षं हयात होते. मी गेलो नाही.

आता दोघंही नाहीत. कामरगावात दौलतच्या नातवंडांना लोक अजून 'घासलेटवाले' म्हणतात, असं परवा ऐकलं. ती पोरं नाव ऐकून हसतात म्हणे. ते कुठून आलं, हे त्यांना माहीत नाही. म्हणून लिहून ठेवतो. दौलतनं पेट्रोलमध्ये घासलेट कधीच मिसळलं नव्हतं. चूक माझी होती, आणि ती कळल्यावरही मी गप्प राहिलो.

मिस्त्री होतो म्हणून लोक आजही विचारतात, रोजच्या गाडीत महागडं पेट्रोल घालावं का? कंपनीनं सांगितलं असेल तर घाला. नाहीतर साधं पुरतं. आणि चांगली चालणारी गाडी अचानक ठोकायला लागली, तर पेट्रोल बदलण्याआधी ती शेवटची कोणी उघडली होती, ते विचारा.