सुषमाच्या खोलीपर्यंत केबल

"इथी तं येऊनच नाई राह्यलं," सुषमा म्हणाली.

माझा लॅपटॉप हातात धरून मी तिच्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत फिरले. सिग्नलची एक काडी दिसायची आणि जायची.

बल्लारपुरात तेव्हा ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. माझं कॉम्प्युटरचं छोटं दुकान होतं, नेटवर्किंगची कामंही घ्यायचे. रामटेकेभाऊ पेपर मिलमधून रिटायर झाले आणि त्यांनी तीन मजली घर बांधलं. फोनची लाइन तळमजल्यावर, सुनेची म्हणजे सुषमाची खोली सगळ्यात वर. मुलाने नागपूरहून दोन अँटेनांचा राउटर आणला होता. राउटर म्हणजे आलेलं इंटरनेट घरभर वाटणारा डबा. तिथला दुकानदार म्हणाला होता, तीन मजले आरामात चालेल.

सुषमाचं काम मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं. परदेशातल्या डॉक्टरांचं बोलणं हेडफोनवर ऐकायचं, टाइप करायचं, फाइल वेळेत पाठवायची. खाली हॉलमध्ये टीव्ही आणि पाहुणे, तिथे हे जमणारं नव्हतं. नागपूरच्या कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली होती, पण लाइन तुटता कामा नये अशी अट होती. सोमवारपासून ट्रायल. नाही जमलं तर नागपुरात खोली घेऊन राहायचं, आणि मुलगी अजून अंगावर पिणारी.

"याच्याहून मोठा राउटर आणू का?" भाऊंनी विचारलं.

"नको, भाऊ. मध्ये दोन स्लॅब आहेत, त्यात लोखंड. वायरलेस तिथेच अडतंय. वरपर्यंत केबलच न्यावी लागेल."

"मंग बाहेरून टाक नं."

"वानरं ठेवतील का?"

भाऊंनी तो विषय सोडला. गल्लीतली टीव्हीची केबल वानरांनी कितीदा तोडली, ते त्यांनी पाहिलं होतं.

भिंतीत टीव्हीसाठी एक पाइप सुषमाच्या खोलीजवळून गच्चीपर्यंत गेला होता, अजून रिकामा. मी त्यात वायर ओढायची स्टीलची पट्टी सारली. मधल्या मजल्यावर ती अडकली. पाइपच्या वळणात सिमेंट गेलं असणार. पट्टी बाहेर काढून मापली आणि जिन्याच्या भिंतीवर पेन्सिलने खूण केली.

"इथे थोडं फोडावं लागेल."

भाऊ त्या खुणेकडे बघत राहिले. रंग ताजा होता. गृहप्रवेशाचं तोरणही अजून दारावर होतं.

"खात्री आहे का तुले?" त्यांनी विचारलं.

"जागेची बऱ्यापैकी आहे. पाइप पुढे साफ आहे की नाही, ते फोडल्यावरच कळेल."

मी माप पुन्हा एकदा घेऊन पाहिलं.

बाई, म्हणजे भाऊंची बायको, नातीला कडेवर घेऊन पायरीवर उभ्या होत्या. म्हणाल्या, "फोडा नं. भिंत काय, पुन्हा लिपता येते. ह्या लेकराले मायबिगर मी नाई ठेवत."

सुषमाने मान खाली घातली. भाऊ आत जाऊन छिन्नी-हातोडा घेऊन आले.

"सरक पोरी. माह्या घराले मीच मारतो."

सिमेंटचा गोळा खुणेच्या जरा वर निघाला. पुढे पट्टी सरळ वर गेली. फोडलेल्या जागी मी एक बॉक्स बसवला. खालून, फोनच्या लाइनला जोडलेल्या मोडेमची केबल तिथे आणली, नागपूरचा राउटर तिथेच भिंतीवर लावला आणि त्यातून दुसरी केबल सुषमाच्या टेबलापर्यंत नेली. मोडेम, राउटर आणि सुषमाचा कॉम्प्युटर, तिन्ही घरच्या इन्व्हर्टरवर घेतले.

मग पिंग लावलं. म्हणजे आपल्या कॉम्प्युटरने लांबच्या एका कॉम्प्युटरला सारखं 'आहेस का' विचारायचं आणि उत्तर येतंय का ते बघायचं. उत्तरं येत होती. तेवढ्यात लोडशेडिंगमुळे लाइट गेली. पंखा थांबला. उत्तरं येतच राहिली.

सुषमाने एक फाइल पाठवून पाहिली. गेली. ती माझा हात धरून उभी राहिली.

"जेवून जाजो," बाई म्हणाल्या.

ट्रायल पार पडली. सुषमाने त्या खोलीत पुढे बरीच वर्षं काम केलं आणि मुलगी तिच्याजवळच वाढली. त्या काळी मी दारात उभी राहिले की लोक विचारायचे, "मेकॅनिक कुठी आहे?" या घराने माझ्या शब्दावर नवी भिंत फोडली. त्याचं मोल मला आजही वाटतं. पुढे बाईंच्या सांगण्यावरून लोक घर बांधतानाच मला बोलवू लागले, प्लास्टरच्या आधी.

नेटवर्कचं सामान निवडायचं असेल, तर खोक्यावरचा मजकूर शेवटी वाचावा. घरातलं कोण कुठे बसून काम करणार, ते आधी विचारावं.