फ्रँकफर्ट ते कोलोन, शशांकच्या बोगद्यातून

फ्रँकफर्टच्या विमानतळावर शशांक आम्हाला घ्यायला आला होता, आणि माझ्याआधी सईनं त्याला ओळखलं. मी गर्दीत एक हडकुळा मुलगा शोधत होतो. समोर दाढीवाला, रुंद खांद्यांचा माणूस उभा होता आणि माझी बारा वर्षांची मुलगी बॅग टाकून त्याच्याकडे धावत निघाली होती. तिनं त्याला फक्त फोटोत पाहिलं होतं. शाळेतून आल्यावर ती माझ्याकडे मान वर करूनसुद्धा बघत नाही.

शशांक माझा धाकटा भाऊ. आम्ही दोघंही कराडला सिव्हिल इंजिनियरिंग शिकलो, तो माझ्यामागे तीन वर्षं. मी वर्गात पहिल्या पाचांत असायचो. त्याचा सर्व्हेइंगचा पेपर दोनदा राहिला होता, तिसऱ्या वेळी मी रजा काढून त्याच्याकडून अभ्यास करून घेतला. पुढे मी काही वर्षं पुलांच्या कामावर काढली आणि मग सगळे करत होते तसं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला आलो. आता शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहतो आणि एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. शशांक सिव्हिललाच चिकटून राहिला. तो जर्मनीला गेला, जर्मन शिकला, आणि फ्रँकफर्ट ते कोलोन या नव्या रेल्वेमार्गाच्या एका बोगद्यावर त्यानं साडेतीन वर्षं काम केलं. आमच्याकडे जेवायला येणाऱ्या मंडळींनी विचारलं की मी सांगायचो, धाकटा ना, तो तिकडे रेल्वेत आहे. बोगद्याचं नाव मी कधी काढलं नाही.

२००५ साली आमचं ग्रीन कार्ड आलं आणि बऱ्याच वर्षांनी मोकळेपणानं कुठेतरी जाता येणार होतं. माझ्या बायकोला, मेधाला, रजा मिळेना. म्हणून जूनच्या सुट्टीत सई आणि मी दोघंच निघालो. शशांकचा हट्ट होता की कोलोनला थेट विमानानं यायचं नाही. फ्रँकफर्टला उतरायचं, एक दिवस राहायचं, आणि तिथून त्याच्या मार्गावरच्या रेल्वेनं जायचं. 'माझी गाडी' असंच तो फोनवर म्हणाला होता, आणि ते मला टोचलं होतं.

फ्रँकफर्टमध्ये आम्ही माइन नदीच्या काठानं हिंडलो. दुपारी एका बागेतल्या खाणावळीत त्यानं ग्र्युने झोस (सात प्रकारच्या पाल्यांची दह्यातली थंड हिरवी चटणी, उकडलेल्या बटाट्यांबरोबर) मागवली. नेपरव्हिलला ताटातली कोथिंबीर निवडून बाजूला काढणारी सई ती चटणी पुसून खात होती, कारण काकानं सांगितलं होतं. मी पाणी मागितलं तर सोडा आला. दुसऱ्यांदा मागितलं, पुन्हा सोडाच. शशांकनं वेटरशी जर्मनमध्ये दोन वाक्यं बोलून साधं पाणी आणवलं. वेटर हसला, शशांकही हसला, आणि एवढ्याशा गोष्टीनंसुद्धा माझं तोंड कडू झालं.

पण खरी गोष्ट वेगळीच घडत होती. आमच्या घरात आम्ही सईशी मराठीत बोलतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. आमच्या ओळखीच्या सगळ्याच घरांत असं चालतं, म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं. शशांक मात्र मराठीत विचारायचा आणि मग थांबायचा. सई इंग्रजीत सुरुवात करायची, अडायची, त्याच्याकडे बघायची. तो नुसता थांबलेला असायचा, घाई नाही, मदत नाही. संध्याकाळपर्यंत ती लहान लहान मराठी वाक्यं बोलायला लागली होती. मी मागून चालत ती ऐकत होतो. आनंद व्हायला हवा होता. मला तर कुणीतरी माझं काही उचलून नेल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्टेशनवर गेलो. प्रचंड कमानींचं छप्पर, खाली ओळीनं उभ्या गाड्या, आणि दारातच ब्रेत्सेलचं (मिठाचे खडे लावलेला, गाठ मारल्यासारखा पाव) दुकान. सईला एक घेऊन दिला. आमची गाडी पांढरी, लाल पट्ट्याची, नाक निमुळतं. शशांकनं कित्येक आठवडे आधी सगळ्यात पुढच्या डब्यातल्या जागा धरून ठेवल्या होत्या. त्या डब्यात मोजक्याच खुर्च्या आहेत आणि त्यांच्यापुढे फक्त एक काच. काचेपलीकडे ड्रायव्हर बसतो आणि त्याच्या खांद्यावरून सगळा मार्ग दिसतो. आमची ड्रायव्हर एक पन्नाशीची बाई होती, आखूड पांढरे केस, शेजारी कॉफीचा थर्मास. तिनं वळून सईला हात केला.

शहरातून गाडी सावकाश निघाली. विमानतळ गेला, पाइनचं जंगल गेलं, आणि मग नवा मार्ग लागला. तिथून जे सुरू झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. रूळ समोरून ओढल्यासारखे येत होते. शेजारी मोटारींचा मोठा रस्ता होता आणि त्यावरच्या मोटारी एकामागून एक मागे पडत होत्या. डब्यातल्या फलकावर वेगाचा आकडा चढत चढत तीनशेवर गेला. मार्ग टेकड्यांवरून सरळ खाली उतरायचा आणि सरळ वर चढायचा, उतारावर पोटात खड्डा पडायचा. बोगद्यात शिरलं की कानांवर दाब यायचा आणि पापणी लवायच्या आत पुन्हा उजेड. माझ्या मांडीवर वही होती, काही लिहावं म्हणून. मी एक अक्षर लिहिलं नाही.

सई आणि शशांक शेजारी बसले होते, मी त्यांच्या मागे. शशांक तिला सांगत होता की डोंगर पोखरला की तो हलतो. बोगद्याच्या छताला खिळे ठोकायचे आणि ते रोज किती मिलिमीटर खाली आले ते मोजायचं, हेच त्याचं काम होतं. सईनं विचार करून, एकेक शब्द जुळवत विचारलं, "आणि डोंगर रागावला तर?"

"रागावतो की," तो म्हणाला. "मग आम्ही थांबायचो. त्याला वेळ द्यायचो."

असा प्रश्न तिनं मला कधी विचारला नव्हता. कुठल्याच भाषेत नाही. आणि मी काय केलं, तर पुढे वाकून शशांकला तो किस्सा सांगितला. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या जेवणाला एक काकू उशिरा आल्या आणि सई दारातच त्यांना म्हणाली, "काकू, मी तुमची खूप वाट लावली." वाट पाहिली म्हणायचं होतं तिला. सगळी खोली हसली होती. त्यानंतर प्रत्येक घरी, प्रत्येक जेवणाला मी तो किस्सा सांगत आलो आहे, आणि दर वेळी लोक हसतात.

शशांक हसला नाही. सईनं कानात गाणी अडकवली आणि तोंड खिडकीकडे केलं.

थोड्या वेळानं समोरची काच एकदम दुधासारखी पांढरी झाली. ड्रायव्हरला हवं तेव्हा ती एका बटणानं तशी करता येते, शशांकनं मला हळू आवाजात सांगितलं. गाडी मंद होत होत थांबली. बाहेर गव्हाचं शेत आणि जोराचा वारा. घोषणा झाली. पुढे वाऱ्यानं प्लॅस्टिकचा मोठा कागद उडून विजेच्या तारेवर अडकला होता, तो काढेपर्यंत थांबायचं होतं. आमच्याशिवाय डब्यात दोन म्हाताऱ्या बायका होत्या. त्यांनी खाण्याचा डबा उघडून सँडविच काढली.

त्या शांततेत शशांक मागे वळला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "दादा, बोलू दे ना तिला."

मी म्हणालो, "पोर वाढवणं काय असतं हे तुला कसं कळणार? तुला कुठे मूलबाळ आहे?"

शशांकची बायको बिर्गिट, शाळेत शिक्षिका. दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिलं नाही. आईनं मला ते फोनवर सांगितलं होतं, कुणाकडे बोलू नकोस म्हणून बजावून. हे मला बोलण्याआधी माहीत होतं. बोलतानाही माहीत होतं.

शशांकनं माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि तो पुन्हा पुढे तोंड करून बसला. म्हाताऱ्यांपैकी एकीनं मान वर केली. भाषा कळली नसेल, पण सूर कळला असावा. सईच्या कानात गाणी होती. ती चालू होती की बंद, हे मी आजही तिला विचारलेलं नाही.

वीसेक मिनिटांनी गाडी हलली. काच पुन्हा स्वच्छ झाली. वेग चढत गेला, दोन बोगदे गेले. मग समोर एक झाडीनं झाकलेली टेकडी आली. शशांक ताठ बसला. सईनं कानातलं काढलं.

"काका, हाच का?"

"हाच," तो म्हणाला.

अडीच किलोमीटरचा बोगदा आणि तीनशेचा वेग. तीस सेकंद. छतावरचे दिवे एका रेघेत मिसळून गेले. शशांक दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वर बघत होता, जणू आतमध्ये अजून काही मोजायचं राहिलं आहे. सईनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला होता. आणि मी, जो एवढं वाईट बोलून बसलो होतो, त्या तीस सेकंदांतही हेच मनात म्हणत होतो की सर्व्हेइंग याला मी शिकवलं. उजेड आला तेव्हा मला माझी लाज वाटली. पण हेवा त्यामुळे कमी झाला नाही. दोन्ही शेजारी शेजारी बसून राहिली.

कोलोन स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की डोम (तिथलं जुनं काळपट कॅथेड्रल) एकदम अंगावर येतं. मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय शिखरं दिसत नाहीत. बिर्गिट घ्यायला आली होती. उंच, मोकळ्या हसण्याची. तिनं मला "नमस्कार दादा" म्हटलं, सईच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघी पुढे निघाल्या. त्यांचं घर ऱ्हाइन नदीपलीकडे होतं. सामान बिर्गिटच्या मोटारीत टाकून त्या दोघी गेल्या. शशांक म्हणाला, आपण पुलावरून चालत जाऊ.

पुलावर रुळांच्या कडेनं पायवाट आहे. दर दोन मिनिटांनी गाडी जाते आणि पायाखालचं लोखंड थरथरतं. मधोमध आल्यावर मी म्हणालो, "शशांक, मी बोललो ते चुकलं."

"हो, चुकलं," तो म्हणाला. नंतर एक गाडी गेली आणि ती जाईपर्यंत आम्ही दोघं नदीकडे बघत उभे राहिलो. मग तो म्हणाला, "तू मलाही असाच हसायचास, दादा."

मला काही आठवेना. त्यानं आठवण करून दिली. मराठी शाळेतून तो कॉलेजात आला तेव्हा त्याचं इंग्रजी कच्चं होतं. तोंडी परीक्षेत सरांनी काहीतरी विचारलं आणि तो इंग्रजीत चुकीचं वाक्य बोलला. ते माझ्या कानावर आलं. हॉस्टेलवर माझ्या मित्रांसमोर मी त्याची नक्कल करायचो. त्याच्या देखत, वर्षभर.

"जर्मनीला निघालो तेव्हा एका गोष्टीचं फार बरं वाटलं होतं," तो म्हणाला. "तिथे कुणी इंग्रजी बोलत नाही, असं ऐकलं होतं."

तो रागानं बोलला नाही. रागानं बोलला असता तर मी काही उत्तर दिलं असतं. मी "चूक झाली" एवढंच पुन्हा म्हणालो. तो म्हणाला, चल, जेवायला थांबल्या असतील.

बिर्गिटनं राइबेकुखेन (किसलेल्या बटाट्याची कुरकुरीत थालीपिठं, बरोबर सफरचंदाचा शिजवलेला गोड गर) केले होते. आम्ही पाच दिवस राहिलो. डोमच्या पाचशेवर पायऱ्या चढलो, चॉकलेटचं संग्रहालय पाहिलं, नदीवर बोटीनं गेलो. शशांक माझ्याशी नेहमीसारखा वागला. फक्त संध्याकाळी फिरायला निघताना तो मला 'येतोस का' असं विचारायचा, आणि पूर्वी तो असं विचारायचा नाही, गृहीत धरायचा. ते मला पाचही दिवस जाणवलं.

शेवटच्या दुपारी नदीकाठच्या बाकावर सई आणि मी दोघंच होतो. मी तिला म्हणालो की तो वाट लावल्याचा किस्सा मी आता कधी सांगणार नाही.  मग मी विचारलं, काकाशी तू मराठी बोलतेस आणि आमच्याशी का नाही?

"काका हसत नाही," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, आणि बोटीकडे बघायला लागली.

शिकागोच्या विमानतळावर मेधा मोटार घेऊन आली होती. सई पुढे बसली, मी मागे. महामार्गावर लागायच्या आधीच सईनं सुरुवात केली. "आई, आम्ही एकदम पुढे बसलो. आणि ड्रायव्हर मुलगी होती, म्हणजे आजी होती. आणि मग गाडी थांबला, काच सगळा पांढरा झाली." मेधा चकित होऊन ऐकत होती. मग तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या ओठांवर ते ओळखीचं हसू यायला लागलं होतं. मी नको अशी मान हलवली. तिला कळलं नाही, पण ती हसली नाही.

सई घर येईपर्यंत बोलत होती. चुकत होती, अडत होती, थांबून शब्द शोधत होती आणि पुढे जात होती. तिनं डोंगर कसा रागावतो ते सांगितलं, आईला तीस सेकंद मोजून दाखवले. प्रत्येक चौथ्या वाक्यात काका होता. मी एकदाही आलो नाही. गव्हाच्या शेताशेजारी गाडी थांबली तेव्हा काय झालं, तेही तिनं सांगितलं नाही, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. मला वाईट वाटत होतं की ती हे सगळं आईला सांगत होती, मला नाही. तरी मी मध्ये बोललो नाही.