बारकं डुक्कर, मोठं डुक्कर आणि बाबांची झडप

मुंबईच्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिथे दोन जातींची डुकरं शेजारी शेजारी झोपलेली असतात. एक नेहमीचं, एक मुद्दाम लहान चणीचं पैदा केलेलं. दोघांनाही भूल दिलेली. मी छातीवर जेली लावून सोनोग्राफीचा दांडा फिरवते आणि पडद्यावर हृदय उघडतं. चार कप्पे, पापण्यांसारख्या मिटणाऱ्या झडपा. भिंत किती जाड, एका ठोक्याला रक्त किती बाहेर पडतं, ते लिहून घेते. खोली गार, कोणी बोलत नाही; बघता बघता मीही तरंगायला लागते. हे काम मला मनापासून आवडतं, पण गावी सांगायची लाज वाटायची. आमच्या पोलादपूरच्या डोंगरात रानडुकरं उभी नाचणी लोळवून जातात. त्यांचीच सेवा करायला एवढं शिकलीस का, असं लोक चिडवायचे.

यंदा बाबांच्या हृदयाची झडप बिघडली. महाडच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथे सांगितलं, झडप बदलावी लागेल, आणि या वयाला डुकराची बरी. बाबा तसेच गावी निघून आले. आठ दिवस झाले, होकार नाही. चार पायऱ्या चढले तरी धाप लागायची. शेवटी मी रजा काढून आले.

दुपारी आम्ही पडवीत बसलो होतो. कशेडीकडचे डोंगर धुक्यात विरघळत होते, पुन्हा उमटत होते. बाबांनी पहिल्यांदाच माझ्या कामाची चौकशी केली. मी माझी फजिती सांगितली. पहिल्या आठवड्यात दोन्ही जातींचं एकेक, सारख्याच वजनाचं डुक्कर आलं, पण हृदयांची मापं काही जुळेनात. माझंच चुकलं म्हणून मी दिवसभर पुन्हा पुन्हा मोजत बसले.

"दात बघितलेस काय गो?" बाबा म्हणाले.

बैल घेताना ते उंचीला कधी भुलले नाहीत, दातांवरून वय ओळखायचे. बारकं डुक्कर वयात आलेलं होतं आणि मोठ्या जातीचं अजून वाढतं पोर होतं, हे मला प्रयोगशाळेतल्या साहेबांनी आकृत्या काढून समजावलं होतं. बाबांनी ते बसल्या जागी ओळखलं. मला अभिमान वाटला, आणि थोडा रागही आला.

मग भूल देताना ती जनावरं घाबरत नाहीत का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घाबरतात. झोप लागेपर्यंत मी त्यांच्या कुशीवर हात ठेवते. तसा नियम नाही, माझी आपली सवय.

"मला निजवतील तवा तू असशील काय तिथं?"

इतके दिवस मी समजत होते, त्यांना डुकराची किळस आहे. ते भ्यायले होते.

"असेन की," मी म्हणाले.

"मंग सांग डॉक्टरला, येतो म्हणून."

ऑपरेशन थिएटरच्या दारापलीकडे मला कोणी सोडणार नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.