ताप घरात, हजेरी वर्गात

मंगळवारी सकाळी मुकुंदवाडीच्या आमच्या खोलीत मी नातीच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते. तेवढ्यात माझ्या मोबाईलवर कॉलेजचा मेसेज आला... तुमची पाल्य स्वाती वर्गात उपस्थित आहे.

मी मेसेज बघितला, पोरीकडं बघितलं. पोरगी तापानं फणफणलेली, गोधडीत. मग वर्गात कोण बसलंय?

स्वाती माझ्या मुलाची मुलगी. तिचे आई-बाप गंगापूरकडं शेतात, म्हणून तिच्या शिक्षणापुरतं ती अन् मी शहरात राहतो. कॉलेजात पालक म्हणून माझाच नंबर दिलाय.

मेसेजखाली लिहिलेलं, शंका असल्यास या नंबरवर फोन करा. मला तर लई मोठी शंका होती... केला फोन. म्हटलं, बाई, तुमचं मशीन चुकलंय. पोरगी माझ्यापुढं झोपलीय, दुसऱ्याच कुणाची हजेरी हिच्या नावावर पडली असंल.

स्वाती ताडकन उठून बसली. "आजी, काय करून बसलीस गं हे," म्हणाली अन् रडायलाच लागली.

तेव्हा कळलं. कॉलेजनं हजेरीचं ॲप आणलंय. मोबाईल कॉलेजच्या आवारात असला की हजेरी लागते, माणूस असो नाय तर नसो. म्हणून जिला घरी राहायचं ती आपला मोबाईल मैत्रिणीसोबत पाठवते. त्या दिवशी पल्लवी नावाच्या पोरीच्या एका पिशवीत चार-पाच पोरी वर्गात गेल्या होत्या.

ताप उतरला अन् कॉलेजातून बोलावणं आलं. विभागाच्या मॅडमनी कॉम्प्युटर आमच्याकडं वळवला. "आजी, ही फसवणूक आहे. हिचा परीक्षेचा फॉर्म मी अडवलाय."

म्हणजे वर्ष गेलं. अन् वर्ष गेलं की हिचा बाप हिला पुन्हा शहरात ठेवणार नाय, स्थळंच बघायला लागंल. माझ्या पोटच्या पोराला मी ओळखते.

तरी म्हटलं, चूक आहे तिची, शिक्षा करा. पण त्या वर्गात सर होते ना? बाकावर पोरगी नाय हे त्यांना दिसलं नाय का?

"सर पूर्ण वेळ हजर होते. हे बघा, त्यांची हजेरीही याच सिस्टीममध्ये आहे."

"मग बोलवा की त्यांना."

"आत्ताही कॉलेजातच दाखवतंय," म्हणत मॅडमनी सरांना फोन लावला.

फोन वाजला... माझ्या शेजारच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये.

मॅडम फोन कानाला लावून तशाच बसल्या. दाराशी उभ्या शिपाईमामांनी येऊन ड्रॉवर ओढला. आत तीन मोबाईल, तिन्ही चार्जिंगला लावलेले. मामा म्हणाले, "सरांचा लाल कव्हरवाला आहे. उचलू का?"

मी आयुष्यात लई बघितलं, पण हे नाय. पोरींचे मोबाईल पिशवीत, सरांचे ड्रॉवरमध्ये... अन् तरी वर्ग भरत होता.

मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "आजी, जाऊ द्या. स्वातीचा फॉर्म सोडते मी. सरांचं मात्र आमच्या हातात नाही, ते वरून होतं."

"मशीन एकच ना तुमचं? मग पोरीचं तेवढं हातात कसं आलं?"

मॅडमनी कॉम्प्युटर परत आपल्याकडं वळवला.

मग मीच सांगितलं. फॉर्म सोडा, पण हिच्या खोट्या हजेऱ्या काढून टाका. जेवढे तास कमी पडतील तेवढे ती बसून भरून काढंल. फक्त त्या तासांना सरांना बी पाठवा... अंगासकट.

स्वातीनं टेबलाखालून मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. "चांगला सुटत होता विषय," बाहेर आल्यावर म्हणाली. म्हटलं, सुटत नव्हता, झाकला जात होता.

परीक्षेचा फॉर्म पुढं गेला. सोमवारपासून जादा तास सुरू झालेत अन् सर येतात म्हणे. स्वाती अजून माझ्याशी धड बोलत नाय.

काल ताटावर बसल्यावर मात्र आपणहून म्हणाली, सरांनी वर्गात तिला उभं केलं अन् विचारलं, तुझं नाव काय.

दुसरं वर्ष संपत आलंय तिचं त्या कॉलेजात. माझा घास हातातच राहिला... विचारलं एकदाचं, तेवढ्याबद्दल सरांचे आभार.