एका बाजूची भिंत

कातारी जन्मभर लाकडाशी बोलला, माणसांशी बेतानेच. लेथवर खुर्च्यांचे पाय, लाटणी, दारांच्या मुठी कातायच्या आणि घरी येऊन मुकाट जेवायचं, हा त्याचा खाक्या. बोलायचं खातं बायकोकडे होतं. ती खानावळ चालवायची. भुकेला माणूस तिच्या दारातून परत गेला नाही आणि ताटात टाकून उठलेला तिच्या तोंडून सुटला नाही.

तिच्याच उजव्या अंगावरून वारं गेलं. इस्पितळातून घरी आली तेव्हा जीभ जड झालेली आणि उजवा हात मांडीवर परक्यासारखा पडलेला. त्याहून मोठं संकट म्हणजे ती जेवेना. भरवायला गेलं की ओठ गच्च मिटायची. डाव्या हाताने खायला बघायची, तर चमचा टेकताच स्टीलचं ताट पुढे पळायचं. काचेचा वाडगा तर निसटून फुटलाच. मदतीला आलेल्या मुलीने मग आपल्या बाळाची प्लॅस्टिकची वाटी काढली, तळाशी बदकाचं चित्र असलेली. आईने ते बदक पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं, ते वाटी उचलेपर्यंत वळवलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "पुढच्या तपासणीपर्यंत वजन उतरतच राहिलं, तर नाकातून नळी घालावी लागेल."

कातारी तडक लेथवर बसला. मुरलेल्या लाकडाचं, उंच काठाचं जड ताट त्याने कातलं. पॉलिश पोटात जायला नको म्हणून नुसतं खायचं तेल चोळलं. भात वाढून तिच्यापुढे ठेवलं. ताट जागचं हललं नाही, पण तिचा चमचा काठालाच अडला. तिने जोर केला आणि सगळा भात मांडीवर सांडला. दुसऱ्याच क्षणी ताट जमिनीवर होतं.

"मरायचंय का तुला?" तो ओरडला.

शब्द गेला तो गेला. मुलगी दारात थिजली. बायको एकेक शब्द ओढून काढावा तशी म्हणाली, "मी... लहान मूल... नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने मुलीकडून आपला उजवा हात पंचाने अंगाशी करकचून बांधून घेतला आणि डाव्या हाताने साध्या स्टीलच्या ताटात जेवायला बसला. चमचा घास ढकलत नेई, पण पलीकडे अडवायला काही नसल्यामुळे घास चमच्यात चढायचाच नाही. जेवणापेक्षा सांडलवंडच जास्त झाली. शरमेने त्याचे कान तापले. ती पलंगावरून सगळं बघत होती. हसली नाही.

त्याने करवत घेतली. पडलेल्या ताटाचा काठ जवळच्या बाजूने उतरवला, पलीकडे तेवढी भिंत ठेवली, म्हणजे घास तिथे अडून चमच्यात यावा. घास रेटताना ताट सरकू नये म्हणून बुडाला खाच पाडून कुकरची जुनी रबरी रिंग बसवली. चमच्याला लाकडाची जाड मूठ चढवली आणि त्याची मान तोंडाकडे वाकवली.

जेवण वाढलं. दोघं समोर उभी राहिली.

"बाहेर," ती म्हणाली.

"अगं आई, ठसका लागला तर?"

"बाहेर!"

दार लोटून बापलेक ओट्यापाशी उभे राहिले. लाकडावर चमच्याचा बोदा आवाज आला. मग काहीच नाही. पुन्हा आवाज. आणि ठसका.

मुलगी धावली. त्याने तिचं मनगट धरलं. "थांब."

"बाबा, जीव जाईल तिचा!"

"थांब म्हणतो ना!" दुसरा ठसका आला, लांब, घुसमटलेला. त्याने दाराला हात घातला.

"मीठ..." आतून आवाज आला, "कमी... आहे."

मुलगी मटकन खाली बसून रडायला लागली. कातारी मिठाचा डबा घेऊन आत गेला, ताटाकडे न बघता डबा ठेवला आणि उलट पावली बाहेर आला.

नळी घालावी लागली नाही. वजन हळूहळू सावरलं. हात मात्र परत आला नाही. पुढे डॉक्टरीणबाईंनी तशीच ताटं आणखी काही पेशंटांसाठी मागितली, तेव्हा बायकोने त्याला हटकलं, "आधी... तुमच्यासाठी."

"मला कशाला? माझे हात धड आहेत."

"एकटीने... नाही जेवणार."

त्याने स्वतःसाठी ताट कातलं. लोक हसले तरी दोघं त्यातच जेवायची, समोरासमोर, दार उघडं टाकून.